मुक्काम काशी

मराठी बोलण्यात काशी दोन परींनी येते. ‘एकदा काशी करून यावे’ या वाक्यात आयुष्यभराची इच्छा साठलेली असते, आणि हातचे काम बिघडले की ‘त्याची काशी झाली’ असेही तोच माणूस सहज बोलून जातो. सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा आपली मुलगी देऊ करून त्याला माघारी फिरवतो. जाण्याची ओढ आणि परतण्याची बांधिलकी या दोहोंमध्ये मराठी मनातील काशी उभी आहे. तेथे कायमचे राहणारे नेहमीच थोडे होते. बहुतेकांच्या वाट्याला आला तो मुक्काम, कोणाला तीन रात्रींचा तर कोणाला महिनाभराचा. गंगेच्या उजळ पाण्यालगत उभा असलेला अमृतराव घाट या मुक्कामाच्या इतिहासाची मोठी खूण आहे. हा घाट ज्याने बांधला, त्याचा स्वतःचा मुक्काम मात्र अखेरपर्यंत हलला नाही.

आगगाडीपूर्वीच्या काळात त्रिस्थळीची यात्रा हा नदीशी जखडलेला प्रवास होता. प्रयाग, काशी आणि गया ही तीन क्षेत्रे मिळून एक यात्रा होई. प्रयागास क्षौर आणि मराठी स्त्रियांचे वेणीदान उरकले, की ज्यांना परवडे ते नाव ठरवून प्रवाहाबरोबर काशीस उतरत. प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव मात्र काठावरून दोरखंडांनी ओढत न्यावी लागे. त्यामुळे नदीने येणे आणि नदीने परतणे यांचे गणित अगदी वेगळे होते. काशीत पाऊल ठेवताच तीर्थोपाध्याय वही घेऊन पुढे येई, आजा-पणजाची नावे वाचून दाखवी आणि अनोळखी शहरात यात्रेकरूला आपले घर सापडे. मग अस्सी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि आदिकेशव ही पंचतीर्थी, विश्वेश्वर-अन्नपूर्णेचे दर्शन, सवड असल्यास पाच मुक्कामांची पंचक्रोशी, आणि शेवटी तांब्याच्या गडवांत भरून घेतलेली गंगा. घरी पोहोचल्यावर त्या गंगेची पूजा होऊन मावंदे घातले, म्हणजे यात्रा पुरी झाली असे मानीत. काशीतील मुक्काम हा दोन प्रवासांमधला विसावा होता. त्याचे सार्थक गावी, आपल्या उंबरठ्याच्या आत होत असे.

या मुक्कामासाठी मराठ्यांनी काशीत जे उभे केले, त्याला मागील शतकांचा पाया होता. सोळाव्या शतकात पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ लिहून यात्रेचे शास्त्र सिद्ध केले. त्याच घराण्यातील गागाभट्ट पुढे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकासाठी आले. एकनाथांनी भागवतावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केली. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये यात्रेस निघाल्या, तेव्हा राजपूत दरबारांनी त्यांचा केलेला सन्मान हा पुण्याच्या वाढत्या दबदब्याचा पुरावा ठरला. त्याच सुमारास नारायण दीक्षित पाटणकरांच्या पुढाकाराने ब्रह्मघाट आणि दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी वस्ती वाढू लागली. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभारले. नागपूरकर भोसल्यांचा घाट झाला, पुढे बायजाबाई शिंद्यांनी ज्ञानवापीजवळचा मंडप आणि शिंदे घाट बांधविला. काशीच्या इतिहासाचे संशोधक अनंत सदाशिव आळतेकर यांच्या मते आजच्या काशीचे रूप मोठ्या अंशी मराठ्यांनी घडविले.

मात्र ज्या शहरावर मराठ्यांनी इतका पैसा ओतला, ते त्यांच्या राज्यात कधीच आले नाही. काशी आणि प्रयाग आपल्या ताब्यात यावेत ही पेशव्यांची जुनी आकांक्षा होती. अयोध्येच्या नबाबाकडून १७७५ मध्ये काशी कंपनीकडे गेली आणि ती आकांक्षा संपुष्टात आली. तरवारीने जे मिळाले नाही, तेथे पायऱ्या, देवालये आणि अन्नछत्रे यांच्या रूपाने मराठी सत्ता जाऊन बसली. या पार्श्वभूमीवर अमृतरावांचे काशीत येणे समजून घ्यावे लागते.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. औरस पुत्र बाजीराव १७७५ मध्ये जन्मला आणि दत्तकाचे स्थान दुय्यम झाले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात पळाले, तेथून वसईस गेले आणि ३१ डिसेंबर रोजी इंग्रजांशी तह करून बसले. पुण्यात होळकरांनी अमृतरावांना कारभारावर आणले. त्यांचे पुत्र विनायकराव यांच्या नावाने पेशवाईची वस्त्रे मिळविण्याची खटपट सुरू झाली. ती तडीस जाण्यापूर्वीच २० एप्रिल १८०३ रोजी आर्थर वेलस्ली पुण्यात दाखल झाला आणि मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसले. त्यानंतर ऑगस्टमध्ये अमृतरावांनी इंग्रजांशी करार केला. सालिना सात लाख रुपयांचा तनखा ठरला आणि त्यांनी मराठी राज्यकारणातून अंग काढून घेतले. राहण्यासाठी त्यांनी काशी पत्करली.

या कराराकडे पाहणाऱ्याला सोपा निर्णय देता येत नाही. करार झाला त्याच महिन्यात इंग्रजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरात असई आणि नोव्हेंबरात अडगाव येथे शिंदे-भोसल्यांचा मोड झाला. अशा घटकेला पेशव्यांच्या घरातील एक कर्ता पुरुष शत्रूचा तनखा घेऊन बाजूला झाला, हे सत्य झाकता येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहावे तर गादीवर ज्याचा हक्क होता, त्या बाजीरावांनीच प्रथम इंग्रजांचा आसरा घेतला होता, आणि अमृतराव पुण्यात राहते तर भाऊबंदकीचा आणखी एक अध्याय लिहिला गेला असता. पंधरा वर्षांनी बाजीरावही आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी बिठूरास गेले. त्यांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा काशीत आले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी जन्मलेली मनकर्णिका पुढे झाशीची राणी झाली. रघुनाथरावांचे तिन्ही पुत्र अशा रीतीने एकाच नदीच्या आधाराने राहिले. अमृतराव त्या वाटेने सर्वांत आधी गेले, एवढाच फरक.

दशाश्वमेधाच्या दक्षिणेस, नारद घाटाला लागून अमृतरावांनी जो घाट दगडात बांधविला, त्याचे काम १८०७ च्या सुमारास पुरे झाले. उंच पायऱ्या, वर वाडा, शिवालये आणि यात्रेकरूंसाठी अन्नछत्र अशी त्याची मांडणी होती. रामघाटाजवळचे अमृतविनायकाचे देवालयही त्यांच्याच नावाची आठवण धरून आहे. घाट ही वास्तूच मोठी विलक्षण आहे. तिला दार नसते आणि भिंत नसते. पावसाळ्यात तिचा खालचा भाग गंगा गिळून टाकते, हिवाळ्यात पुन्हा परत देते. बांधणाऱ्याला तेथे राज्य करता येत नाही. तो फक्त उतरणाऱ्यांच्या पायांखाली दगड देऊ शकतो. राज्य गमावलेल्या कुळाला हे दान जवळचे वाटले असल्यास नवल नाही.

अमृतरावांच्या दानधर्माचे सर्वांत तपशीलवार वर्णन एका अशाच मुक्कामकऱ्याने करून ठेवले आहे, आणि तो हिंदूही नव्हता. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १५ जून १८२४ रोजी कलकत्त्याहून नावेने निघाले. ढाका, पाटणा, गाझीपूर करीत ते सप्टेंबरात काशीस पोहोचले, सिक्रोलच्या इंग्रजी वस्तीत काही दिवस राहिले आणि पुन्हा नावेने प्रयागाकडे गेले. या प्रवासाचा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमृतराव वर्षातून एकदा गणेशपूजनानंतर येईल त्या ब्राह्मणाला आणि भिक्षेकऱ्याला ठराविक माप तांदूळ आणि एक रुपया देत, असे हेबर लिहितात. त्यांच्या मोठ्या बागेला चार दरवाजे होते. तीन दरवाजे तीन वर्गांच्या याचकांसाठी उघडले जात, चौथा घरच्या माणसांसाठी असे. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून दान मिळालेल्याला दिवसभर बागेतच थांबवीत. पण तेथे सावली, पाणी आणि सोबत यांची सोय असे. त्या एका दिवसाचे वाटप पुष्कळदा पन्नास हजार रुपयांच्या वर जाई. तनख्याच्या हिशेबाने पाहिले, तर वर्षाच्या मिळकतीचा चौदावा हिस्सा एका सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत संपत असे.

या वर्णनात एक बारकावा लक्षात राहतो. बागेत अडकलेला याचक संध्याकाळपर्यंत तेथून निघू शकत नव्हता. पण दरवाजे उघडले की तो आपल्या वाटेने जाई. यजमानाला मात्र परत जाण्याची वाट नव्हती. इंग्रजी रुपया त्यांच्या हाती येई, तांदूळ होऊन बाहेर जाई, आणि मधल्या वेळात पेशव्यांच्या घराची अब्रू तेवढी राखली जाई. हे प्रायश्चित्त होते, कुलाचार होता, की राज्य नसताना राजासारखे वागण्याचा एकच उरलेला मार्ग होता, हे ठरविणे कठीण आहे. बहुधा तिन्ही धागे एकत्र वळले गेले होते. अमृतराव १८२४ मध्येच काशीत निवर्तले.

तीन वर्षांनी आणखी एक प्रवासी काशीस आला. मिर्झा गालिब स्वतःच्या निवृत्तिवेतनाचे गाऱ्हाणे कंपनी सरकारपुढे मांडण्यासाठी कलकत्त्यास निघाले होते. त्यापूर्वी ते बांद्याच्या नबाबांकडे राहिले. हे नबाब बाजीराव-मस्तानीच्या वंशातले. काशीत गालिब महिनाभर रमले आणि ‘चिराग-ए-दैर’ ही एकशे आठ शेरांची फारसी मसनवी त्या मुक्कामातून निघाली. अमृतरावांना तनखा मिळाला होता, गालिबांना तो मिळविण्यासाठी वणवण करावी लागली. एकाने काशीला दगड दिला, दुसऱ्याने शब्द. दोघांच्याही काशीच्या वाटेवर कलकत्त्याच्या दप्तरातील कागदाची सावली होती.

दगडालाही विस्मरण असते. विनायकरावांनी पुढे चित्रकूटाजवळच्या करवीस आपले ठाणे केले आणि तेथे गणेशबाग उभारली. १८५३ मध्ये ते वारले आणि तनखा थांबला. १८५७ च्या उठावात त्यांचे वारस नारायणराव आणि माधवराव सापडले. १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने करवीचा खजिना घेतला. तो कोणत्या सैन्यतुकडीने कसा वाटून घ्यावा, याचा खटला लंडनच्या न्यायालयात चालून १८६६ मध्ये निकाली निघाला. काशीत अन्नछत्रे चालविणाऱ्या घराण्याचे नाव अशा रीतीने लुटीच्या निवाड्यात कायमचे नोंदले गेले. इकडे घाटाचे नावही हळूहळू बदलले. लोक त्याला राजघाट नव्हे, तर ‘राजा घाट’ म्हणू लागले. जो कधी राजा झाला नाही आणि ज्याच्या मुलाला पेशवाईची गादी लाभली नाही, त्याची स्मृती या एका पदवीत विरून गेली.

दरम्यान मुक्कामाची लांबीही आखडत गेली. १८३४ पासून वाफेच्या बोटी कलकत्ता आणि अलाहाबाद यांच्यामध्ये फिरू लागल्या. १८६२ मध्ये लोहमार्ग काशीसमोरच्या तीरापर्यंत आला आणि १८८७ मध्ये डफरिन पुलावरून गाडी थेट काशीत शिरली. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, तेव्हा त्यांना काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईपर्यंत पायी यावे लागले होते. त्यांच्या नातवंडांच्या पिढीला तेवढ्याच गंगेसाठी तिकीट पुरेसे झाले. कष्ट गेले, आणि कष्टांनी मोजला जाणारा काळही गेला.

नदी मात्र पुन्हा प्रवासाला लागली आहे. हल्दियापासून अलाहाबादपर्यंतचा १६२० किलोमीटरचा प्रवाह १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ ही प्रवासी नौका काशीहून दिब्रुगडकडे निघाली. बांगलादेशातून जाणारा तो प्रवास ५१ दिवसांचा आणि सुमारे ३२०० किलोमीटरचा होता. अशा नौकेवर चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर प्रवासी काशीत एक-दोन दिवस थांबतो. पहाटेच्या होडीतून घाटांची रांग पाहतो, संध्याकाळी दशाश्वमेधाची आरती पाहतो आणि निघतो. त्याला हसण्याचे कारण नाही. हेबरही काही दिवसच थांबले होते, आणि तीन रात्रींचा यात्रेकरूही शहर पुरते पाहत नसे. फरक एवढाच, की त्या यात्रेकरूच्या वहीत त्याच्या पूर्वजांची नावे होती आणि त्याच्या ताटात कोणा अनोळखी दात्याचा भात होता. आपण कोणाच्या पायरीवर उतरलो, हे त्याला विचारावे लागत नसे.

होडी नारद घाट सोडून पुढे सरकते, तेव्हा नावाडी ‘राजा घाट’ एवढेच सांगतो आणि वल्हे मारतो. कोणता राजा, असा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. पुढचा घाट तोवर दिसू लागलेला असतो. ज्याने तो प्रश्न केला, त्याला मात्र एका उत्तरात हडपसरचे रण, वसईचा तह, चार दरवाजांची बाग आणि एका रुपयासाठी दिवसभर सावलीत बसलेली माणसे भेटतील. पुण्याहून निघालेला एक माणूस येथे उतरला आणि पुन्हा नावेत चढला नाही. त्याच्या पायऱ्यांवरून इतर सर्वजण उतरतात, ओंजळभर पाणी घेतात आणि आपापल्या घरी जातात.