दोन ‘सैरंध्री’

एखादा चित्रपट वाईट निघाला तर त्याचें कोणी फारसें मनाला लावून घेत नाहीं. तिकिटाचे पैसे गेले, एक संध्याकाळ फुकट गेली, एवढ्यावर तें प्रकरण मिटतें. परंतु ज्याच्या मागें उत्तम माणसें, उत्तम कथा आणि मोठें धाडस उभें होतें, असा चित्रपट जेव्हां निराशा करतो तेव्हां मन त्याच्याभोंवतीं पुनःपुन्हां घुटमळत राहतें. प्रभात फिल्म कंपनीनें १९३३ सालीं काढलेला ‘सैरंध्री’ हा असा एक चित्रपट होय. त्या वेळीं प्रस्तुत वक्त्याचा जन्मही झालेला नव्हता. तरीही चित्रपटांच्या इतिहासाचीं पानें चाळतांना माझें बोट याच नांवावर येऊन थांबतें, म्हणून त्याची हकीकत आज सांगण्याचें योजिलें आहे.

ही हकीकत सांगावयाची तर थोडें मागें गेलें पाहिजे. विराटाच्या घरीं सैरंध्री या नांवानें दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा राणीचा भाऊ कीचक आणि त्याचा काळ ठरलेला, स्वयंपाक्याच्या वेषांतील भीम, ही कथा महाराष्ट्राला अतिशय जवळची होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. प्रेक्षकांना कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झन दिसूं लागला, आणि १९१० सालीं सरकारनें तें नाटक बंद केलें. पुढें दहा वर्षांनीं, १९२० सालीं, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वतीनें याच कथेवर ‘सैरंध्री’ नांवाचा मूकपट काढला. बाबूराव हाडाचे चित्रकार. कॅमेरासुद्धां त्यांनीं स्वतः खटपट करून तयार केलेला होता. या चित्रपटांतील भीमानें कीचकाला मारल्याचें दृश्य इतकें खरें वठलें कीं सेन्सॉरला तें सोसवलें नाहीं व तें गाळावें लागलें. लोकमान्य टिळकांनीं चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. लक्षांत घ्या, या चित्रपटाला ना आवाज होता, ना रंग.

बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे पुढें त्यांच्यापासून वेगळे झाले, आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना घेऊन त्यांनीं १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढून या मंडळींनीं मराठी चित्रपटाला वाचा दिली. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं आपल्या गुरूची कथा हातीं घेतली. आतां सैरंध्री बोलणार होती, गाणार होती, आणि त्याहून विशेष म्हणजे ती रंगांत दिसणार होती! हिंदुस्थानांत असा चित्रपट ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. मुक्या, काळ्या-पांढऱ्या चित्रानें सेन्सॉरला धडकी भरविली. मग बोलणारें, रंगीत चित्र काय करील, अशी अपेक्षा कोणाच्याही मनांत यावी.

परंतु रंगाची विद्या कोल्हापुरांत नव्हती. चित्रीकरण इकडे झालें, आणि पुढचे संस्कार व छपाई यांसाठीं चित्रपट जर्मनीला न्यावा लागला. शांताराम स्वतः त्यासाठीं तिकडे गेले. आणि इतका खटाटोप करून हातीं आलें काय? भडक, बटबटीत रंग! मनांतला चित्रपट आणि पडद्यावरचा चित्रपट यांची गांठ पडलीच नाहीं. पुढें पहिल्या रंगीत चित्रपटाचा मानही बहुधा आर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीच्या १९३७ च्या ‘किसान कन्या’लाच दिला जाऊं लागला, कारण त्याचे रंगसंस्कार याच देशांत झाले होते.

येथें शास्त्राचा थोडासा भाग सांगितला पाहिजे. डोळ्यांना दिसणारे बहुतेक रंग पडद्यावर उभे करावयाचे तर तीन मूळ रंग लागतात. तीन रंगांची पद्धत त्या सुमारास अमेरिकेंत नुकतीच जन्मली होती. वॉल्ट डिस्ने यांनीं १९३२ सालीं एका छोट्या व्यंगपटांत ती वापरली, आणि पूर्ण लांबीचा कथापट तिच्या साह्यानें निघावयास १९३५ साल उजाडलें. इतरत्र काम चाले तें बहुतेक दोन रंगांवर, एक तांबूस-नारिंगी आणि दुसरा निळसर-हिरवा. ‘सैरंध्री’ची रंगछपाई याच काळांतली.

मी पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. चित्रकलेचे गुरुजी रजेवर असले म्हणजे त्यांचा तास माझ्याकडे येई. एकदां एका मुलाच्या पेटींतले पिवळा आणि जांभळा हे दोन खडू हरवलेले होते. त्यानें मोठ्या निष्ठेनें कृष्णाचें चित्र काढलें. पीतांबर विटकरी झाला, मुकुट विटकरी झाला, गळ्यांतली झेंडूची माळही विटकरीच. पोर रडकुंडीला आलें होतें. मीं त्याला पूर्ण गुण दिले, कारण हात चांगला होता, पेटी अपुरी होती. हळद, सोनें आणि पीतांबर यांवांचून ज्याचें पान हलत नाहीं, त्या पौराणिक चित्रपटाला दोन रंगांची पेटी केवढी तोकडी पडणार, हें निराळें सांगावयास नको.

तथापि सारा दोष पेटीच्या माथीं मारून मी मोकळा होणार नाहीं. १९५३ सालीं सोहराब मोदी यांनीं ‘झाँसी की रानी’ काढला तेव्हां टेक्निकलर हाताशीं होता, हॉलिवूडचा छायालेखक होता, पैसा पाण्यासारखा ओतलेला होता. तरीही चित्रपट कोसळला. ‘सैरंध्री’च्या बाबतींत मला अधिक खोल अडचण दिसते ती कथेंतच. महाभारतांत कीचक मरतो तो रात्रीं, नर्तनशाळेच्या काळोखांत. शय्येवर द्रौपदी आहे असें समजून तो हात लावतो आणि हातीं लागतो भीम. कीचकाच्या देहाचा केवळ मांसाचा गोळा उरतो. हा प्रसंग अंधाराचा आहे. त्याच्या आधीं भरसभेंत कीचक द्रौपदीला लाथ मारतो, आणि कंकाचें नांव धारण करून बसलेला धर्मराज मुकाट्यानें तें पाहतो. तेथेंही पाहावयाचें तें त्याच्या चेहऱ्याकडे, त्याच्या अंगावरच्या वस्त्राकडे नव्हे. रंगाला उजेड हवा असतो. काळोखांत तांबडें काय आणि हिरवें काय, सारखेंच काळें. बाबूरावांजवळ काळा आणि पांढरा असे दोनच रंग होते, आणि या कथेला नेमके तेच हवे होते. शिष्यांनीं गुरूची कथा घेतली, परंतु तिच्यांतला काळोख त्यांना रंगासाठीं उजळावा लागला असेल, असें मला वाटतें.

याचा अर्थ शांतारामांनीं रंगाच्या वाटेला जावयास नको होतें असा कोणी करूं नये. १९५५ सालीं ‘झनक झनक पायल बाजे’ मध्यें त्यांनीं रंग पुरता वश करून दाखविला. तो नृत्याचा चित्रपट होता. वस्त्रें, दिवे, गिरक्या यांचा. तेथें रंगाला काम होतें.

जर्मनीहून परततांना मात्र त्यांचे हात रिकामे नव्हते. तेथील चित्रपटांतील छायाप्रकाशाची योजना ते डोळ्यांत भरून आले, आणि दूरची वस्तु जवळ आणणारें भिंग त्यांना मिळालें. दरम्यान ‘प्रभात’नें कोल्हापूर सोडून पुण्यास आपलें बिऱ्हाड हलविलें होतें. तेथील नव्या स्टुडिओंत पहिला चित्रपट तयार झाला तो १९३४ चा ‘अमृतमंथन’. त्यांत बळी देण्याचा हट्ट धरणाऱ्या राजगुरूचें काम चंद्रमोहन यांनीं केलें. त्यांचा एकच डोळा त्या भिंगानें एवढा मोठा करून दाखविला आहे कीं सारा पडदा भरून जातो. भोंवतीं मंदिराचा अंधार आहे, आणि चित्रपट काळा-पांढराच आहे.