नव्यासारखी नको

माझ्या टेबलावर सध्या उघडून ठेवलेल्या बास गिटारचा अनुक्रमांक 76 ने सुरू होतो. ती अलेम्बिक या कंपनीची आहे. त्यांच्या वाद्यांवर पहिले दोन आकडे सालाचे असतात, म्हणजे ही 1976 ची. जन्म गिरगावातला, नोकरी इलेक्ट्रॉनिक्सची आणि निवृत्ती उत्तर कॅलिफोर्नियात, असा माझा प्रवास. इकडचे वादक जुनी इलेक्ट्रिक वाद्यं दुरुस्तीला आणून देतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, ‘काका, नव्यासारखी करून द्या.’ दुरुस्ती मी आनंदाने करतो, पण नव्यासारखी करून देत नाही. त्याचं कारण या वाद्याच्या इतिहासात आहे.

इलेक्ट्रिक बासची गरज अगदी व्यावहारिक होती. माणसाएवढा उंच डबल बास गाडीत मावत नसे, आणि ड्रम्स व ट्रम्पेटच्या गदारोळात तो ऐकूही येत नसे. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने 1930 च्या दशकातच आडवा धरून वाजवायचा, पडदे असलेला इलेक्ट्रिक बास बनवला होता. तो फारसा पसरला नाही. पसरला तो लिओ फेंडरचा ‘प्रिसिजन बास’. तो 1951 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या फुलर्टनमधून बाहेर पडला. किंमत 199 डॉलर 50 सेंट. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याचं डोकंही त्याच पद्धतीने चाललं. सपाट लाकडी फळी, तिला चार स्क्रूंनी जोडलेली दांडी. दांडी बिघडली तर काढायची, दुसरी लावायची. कारखान्यासाठी यापेक्षा सोपं काही नव्हतं, आणि त्यामुळेच हे वाद्य सामान्य वादकाला परवडलं.

जानेवारी 1965 मध्ये फेंडरने कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरना सीबीएस या बड्या उद्योगसमूहाला विकली. उत्पादन वाढलं आणि दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले. त्या तक्रारीत थोडा स्मरणरंजनाचा भाग आहेच, पण सत्तरच्या दशकातले दांडीचे सैल सांधे मी स्वतः पाहिले आहेत. कारखान्याच्या मालावरची ही नाराजी हाताने वाद्यं घडवणाऱ्यांच्या पथ्यावर पडली.

अलेम्बिकची सुरुवात 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात, ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या गोतावळ्यात झाली. मूळ कल्पना आऊस्ली स्टॅन्लीची. तो एलएसडी बनवण्यासाठी जास्त प्रसिद्ध होता, पण ध्वनीचंही त्याला तितकंच वेड होतं. रॉन विकरशॅम टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या अ‍ॅम्पेक्समधून आलेला इंजिनिअर. रिक टर्नर गिटार घडवणारा. बॉब मॅथ्यूज रेकॉर्डिंगचा माणूस. या मंडळींनी आधी स्वतःचं वाद्य बनवलंच नाही. फिल लेश आणि जॅक कॅसडी या बासवादकांच्या तयार गिल्ड स्टारफायर बास उघडून त्यांनी आतलं सगळं बदललं. मग 1972 मध्ये कॅसडीसाठी स्वतःचा पहिला बास घडवला.

रॉनचं म्हणणं साधं होतं. नेहमीच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपनं विजेत उतरवणाऱ्या गुंडाळीत, केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे असतात. आवाज मोठा मिळतो, पण लांब केबलमध्ये त्याची धार मरते. रॉनने वेढे कमी केले. आवाज स्वच्छ आला, मात्र अगदी क्षीण. तो वाढवायला त्याने अ‍ॅम्प्लिफायर थेट गिटारच्या पोटात बसवला. आज अनेक कंपन्या बासमध्ये बॅटरी घालतात, तेव्हा तो विक्षिप्तपणा वाटत असे.

टर्नरने लाकडाची बाजू सांभाळली. इथे दांडी स्क्रूने जोडलेली नाही. मेपल आणि जांभळट पर्पलहार्टच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली दांडी डोक्यापासून शेपटापर्यंत सलग जाते, आणि अंगाचे दोन भाग तिला दोन्ही बाजूंनी चिकटवलेले असतात. पट्टीला आबनूस, घोडीखाली पितळेचा जड ठोकळा, डोक्यावर चांदीत ओतलेलं चिन्ह. दांडीच्या आत लोखंडाच्या दोन सळया, ताण कमीजास्त करायला.

बासवादक स्टॅन्ली क्लार्कच्या हातात हे वाद्य आलं आणि बास मागच्या रांगेतून पुढे आला. एका कार्यक्रमानंतर टर्नरने त्याला सुनावलं, की तू वाजवतोस उत्तम, पण तुझा आवाज वाईट आहे, आणि आपला बास वाजवून बघायला दिला. 1976 च्या ‘स्कूल डेज’ या अल्बमवर तो बास ऐकू येतो. त्यात खर्ज आहेच, पण स्वराचा प्रत्येक काठही स्पष्ट आहे.

माझ्या टेबलावरची बास आली तेव्हा गुणगुणत होती. मागचं झाकण उघडलं. आत हाताने डाग दिलेल्या जोडण्या, आणि एका कोपऱ्यात नंतर कुणीतरी घाईत लावलेला डाग, राखाडी आणि दाणेदार. तो साफ करून पुन्हा दिला. सुकलेले दोन कपॅसिटर बदलले आणि जुने पाकिटात घालून पाकिटावर तारीख लिहिली. पोटेन्शिओमीटर खरखरत होते, त्यांना क्लीनरचा एक फवारा पुरला. तरी गुणगुण राहिलीच.

अलेम्बिकच्या ज्या मालिकेतली ही बास आहे तिच्यात दोन पिकअपच्या मधोमध तिसरी गुंडाळी असते. तिला तारांचा आवाज घ्यायचा नसतो, ती आसपासच्या विजेची घरघर तेवढी पकडते, आणि सर्किट ती उलटी करून पिकअपच्या आवाजातून वजा करतं. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची. ए तारेच्या दुसऱ्या पडद्यावरचा बी साधारण 61.7 हर्ट्‌झचा, म्हणजे घरघर नेमकी त्याच्या शेजारी येऊन बसते. वजाबाकी किती व्हायची ते ठरवणारे बारीक ट्रिमर आत बोर्डावर असतात. अ‍ॅम्प चालू ठेवून बारीक पेचकसाने एक ट्रिमर केसभर फिरवला, घरघर वाढली. उलट फिरवला, कमी झाली, आणि एका जागी पार विरली. मग ई तार छेडली. 41 हर्ट्‌झचा तो स्वर कानाआधी मांडीला जाणवला. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची जवारी लावताना जसा रेसभर घासतो, थांबतो आणि ऐकतो, तसंच हे काम आहे.

अंगावरचे ओरखडे मी तसेच ठेवले. वरच्या काठाला, वादकाचा कोपर टेकायचा तिथे, पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय. ते पुन्हा चढवणं सोपं आहे, पण मग हे वाद्य किती वाजलं याचा पुरावा जाईल. फेंडरची दांडी बिघडली तर बदलता येते. इथे ती बदलायचीच सोय नाही, आहे तीच सांभाळावी लागते. घडवणाऱ्याने हे वाद्य दुरुस्त होत राहण्यासाठीच बनवलं आहे, आणि दुरुस्त करणाऱ्याने त्याच्यापेक्षा शहाणं होऊ नये.

ही बास घडली त्या काळी मुंबईत अशी वाद्यं क्वचितच आली असतील. आयातीवरचे निर्बंध आणि जकात यांमुळे परदेशी वाद्य मिळवणंच मुश्कील होतं. तरीही त्याच सत्तरच्या दशकात टोनी वाझ आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास वाजवत होते, आणि त्या काळातली गाणी आज हेडफोन लावून ऐकली की बासच्या जागा लक्षात राहतात. हिंदी चित्रपटसंगीतातल्या गोव्याच्या अरेंजर, व्हायोलिन आणि ट्रम्पेटवादकांबद्दल आता पुष्कळ लिहिलं जातं. त्यांच्या हातातल्या वाद्यांबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

म्हणून एक विनंती. वांद्र्यात, माझगावात, मडगावात किंवा पुण्यात कुणाच्या घरी पोटमाळ्यावर जुनी बास असेल, कारखान्याची असो की स्थानिक सुताराने घडवलेली, तर तिला रंग देऊ नका. गंजलेल्या तारा काढा, पण पिकअप, खुंट्या, स्क्रू काहीही टाकू नका. बदलावं लागलं तर जुना भाग केसमध्येच ठेवा. बॅटरी आत असेल तर ती आजच काढा, ती गळली की सर्किट खाते. आणि ती कुणाची होती, कोणत्या बँडमध्ये वाजली, हे कागदावर लिहून त्याच केसमध्ये ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतंय तोवर हे लिहून घ्या. वाद्याची दुरुस्ती नंतरही करता येईल.