स्वसंरक्षणाचे शस्त्र : काडतुसे किती असावीत?

शस्त्र परवाना हाती आल्यानंतर नागरिकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर घ्यावे, की त्याहून अधिक काडतुसे मावणारे पिस्तूल? परदेशी चित्रपट पाहणाऱ्यांच्या मनात पंधरा-सतरा गोळ्यांच्या पिस्तुलाचे चित्र असते. भारतात मात्र या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यानेच देऊन ठेवले आहे.

कायद्याची चौकट

कोल्हापूर जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. त्याच्या पूर्वचारित्र्याची पोलीस चौकशी होते आणि जिवाला असलेल्या धोक्याचे कारण तपासले जाते. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.

नऊ मिलिमीटरचे पिस्तूल 'प्रतिबंधित बोअर' या वर्गात मोडते. त्यामुळे ते सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल येते. रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा सहा, तर .३२ पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये साधारण सात ते आठ काडतुसे मावतात. म्हणजे प्रत्यक्षातला फरक एक-दोन काडतुसांचा असतो. अमेरिकेतही कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांनी दहापेक्षा अधिक क्षमतेच्या मॅगझिनवर निर्बंध घातले आहेत.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये बाजारात आणलेले 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे आणि सहा काडतुसांचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल' रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. त्याचे चक्र बाजूला उघडत असल्याने काडतुसे भरणे सोपे जाते. शस्त्र रोज कमरेला बाळगायचे असेल, तर हे दोनशे ग्रॅमही दिवसाअखेर जाणवतात. जड वाटणारे शस्त्र हळूहळू कपाटात राहू लागते आणि मग त्यात किती काडतुसे मावतात याला अर्थ उरत नाही.

एखादे काडतूस उडालेच नाही, तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाची स्लाइड मात्र हाताने मागे ओढून निकामी काडतूस बाहेर काढावे लागते आणि त्यासाठी सराव हवा. उलट पिस्तूल चपटे असल्याने अंगावर चांगले बसते आणि भरलेले दुसरे मॅगझिन क्षणात बसवता येते. नवख्याने साधेपणाला, तर नियमित सराव करणाऱ्याने सोयीला प्राधान्य देणे योग्य ठरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात काडतुसे कोरड्या जागी ठेवणे आणि जुनी वेळीच बदलणेही तितकेच आवश्यक आहे.

नेमबाजीचा धडा

२०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले. या स्पर्धेत नेमबाज एका फेरीत पाचच गोळ्या झाडतो. जलद फेरीत प्रत्येक गोळीसाठी अवघे तीन सेकंद मिळतात. खेळ आणि जिवावरचा प्रसंग यांत अंतर असले, तरी नेम सरावाने साधतो हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे. वर्षातून एकदाही गोळी न झाडणाऱ्याला दोन जादा काडतुसांचा फारसा उपयोग होत नाही.

प्रत्येक गोळीचा हिशेब

एका वेळी किती काडतुसे बाळगावीत आणि वर्षभरात किती खरेदी करावीत, या दोन्ही मर्यादा परवान्यावर नोंदवलेल्या असतात. सरावासाठी लागणारी काडतुसेही याच हिशेबात धरून ठेवावीत. मर्यादेबाहेरचा साठा बाळगणे परवान्याच्या अटींचा भंग ठरते. शस्त्र नियम २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात ठेवावे लागते. ते परजता येत नाही. लग्नात वा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निवडणूक काळात आदेश निघाल्यास शस्त्र जमा करावे लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करण्यात आला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि जिवावरचा धोका टळला की हा हक्कही संपतो. पळून जाणाऱ्या हल्लेखोरावर मागून झाडलेल्या गोळीचे समर्थन करणे कठीण असते. दाट वस्तीत चुकलेली गोळी भिंतीपलीकडच्या निरपराध माणसाला लागू शकते.

कसबा बावडा रस्त्यावर जिल्हा पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे आणि जिल्हा न्यायालयही. गोळी झाडण्याची वेळ आलीच, तर परवानाधारकाला या दोन्ही ठिकाणी ती कोणत्या क्षणी आणि कोणत्या कारणाने झाडली, याचे उत्तर द्यावे लागेल. सहा काडतुसे असोत वा आठ, ज्या संख्येचा सराव आपण नियमित करू शकतो आणि जिचे उत्तरदायित्व पेलू शकतो, तीच आपल्यासाठी पुरेशी मानावी.