ग्रँड कॅन्यनच्या पायवाटा: इथे आधी उतरायचं असतं आणि दमल्यावर चढायचं

सह्याद्रीतला किल्ला चढताना दम लागला, तर माणूस अर्ध्यातून मागे फिरतो. पुढे उतारच असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हा हिशोब उलटा आहे. इथे ट्रेक सुरू होतो तो दरीच्या वरच्या कड्यावरून. ताज्या पायांनी भराभर खाली उतरता येतं, पण खरी चढाई परतीच्या वाटेवर असते. तीही पाय थकलेले, पाणी संपत आलेलं आणि ऊन डोक्यावर असताना. इथली कोणतीही वाट निवडताना आधी याचा विचार करावा लागतो.

दरी केवढी आहे?

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आहे. १९१९ साली हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. बहुतेक पर्यटक 'साउथ रिम' म्हणजे दक्षिणेकडच्या कड्यावर येतात. हा कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचावर आहे, तर नदीकाठ साधारण ७५० मीटरवर. त्यामुळे वर पाइनची झाडं आणि हिवाळ्यात बर्फ, तर तळाशी निव्वळ वाळवंट, असा प्रकार दिसतो. उन्हाळ्यात तळाचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जातं.

लोकांच्या आवडत्या वाटा

१. रिम ट्रेल: कड्याच्या काठाने जाणारी सुमारे २१ किलोमीटरची ही वाट बरीचशी सपाट आहे. मुलं आणि ज्येष्ठ यांच्यासाठी हीच उत्तम. वाटेत मोफत शटल बसचे थांबे आहेत, त्यामुळे हवं तेवढंच चालता येतं. हिच्याच एका भागाला 'ट्रेल ऑफ टाइम' म्हणतात. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, असं प्रमाण धरून वेगवेगळ्या काळातले दगड मांडले आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या वाटेवर तो ६६ मीटरवर येईल. दरीच्या तळाचे सर्वात जुने खडक १७०० मीटरच्याही पुढे आहेत!

२. ब्राइट एंजल: दरीत उतरणारी सर्वात प्रसिद्ध वाट. मुळात ही हवासुपाई आदिवासींची वाट होती. दीड मैलावर आणि तीन मैलांवर विश्रांतीच्या शेड आहेत. साडेचार मैलांवर म्हणजे सुमारे ७.२ किलोमीटरवर, झाडांची सावली असलेलं हवासुपाई गार्डन्स लागतं. उद्यान झाल्यानंतर इथे राहणाऱ्या हवासुपाईंना हुसकावून लावलं होतं. २०२२ मध्ये या जागेचं 'इंडियन गार्डन' हे जुनं नाव बदलून त्यांचं नाव देण्यात आलं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी दीड मैलाच्या शेडवरून परत फिरणं शहाणपणाचं. तेवढ्यातही परतताना सुमारे ३४० मीटर चढावं लागतं.

३. साउथ कैबाब: ही वाट डोंगराच्या धारेवरून उतरते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दरी उघडी दिसते. फोटोंमध्ये गाजलेला 'ऊ-आ पॉइंट' इथलाच. जाऊन-येऊन जेमतेम ३ किलोमीटर. पुढे सीडर रिज जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर. मात्र या वाटेवर पिण्याचं पाणी मिळत नाही आणि सावलीही जवळजवळ नाही.

४. नॉर्थ कैबाब: उत्तर कड्यावरून नदीपर्यंत जाणारी सुमारे २२ किलोमीटरची लांब वाट. हिवाळ्यात उत्तर कड्याचा रस्ता बर्फामुळे बंद असतो. जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं ऐतिहासिक ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. त्यामुळे इकडे जायचा बेत करण्याआधी काय सुरू आहे ते पाहणं आवश्यक आहे.

दरीत विष्णू, शिव आणि ब्रह्मा

इथल्या काही सुळक्यांची नावं वाचून भारतीय माणूस थबकतो: विष्णू टेंपल, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल. ही खरी देवळं नाहीत. १९व्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाला हे सुळके मंदिरांसारखे भव्य वाटले आणि त्याने पौर्वात्य धर्मांतली नावं देण्याची प्रथा पाडली. तळाच्या प्राचीन खडकालाही 'विष्णू शिस्ट' म्हणतात.

धोका नेमका कुठे आहे?

उन्हाळ्यात जीव धोक्यात येतो तो मुख्यतः उष्णतेमुळे. काही गोष्टी पाळल्या तर हा धोका बराच कमी होतो:

- उतरायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. दोन तास उतरलात, तर परतायला चार तास हवेत.
- उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत दरीत चालू नका.
- कड्यावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, असं उद्यान प्रशासन स्पष्ट सांगतं.
- नुसतं पाणी पीत राहणंही घातक ठरू शकतं. घामातून मीठ जातं आणि रक्तातलं सोडियम घसरतं. सोबत खारे दाणे, बिस्किटं किंवा क्षार असलेली पावडर ठेवा.
- वाटेवरचे नळ हंगामानुसार बंद असतात आणि पाइपलाइन फुटली की ऐनवेळीही बंद होतात. लागेल तेवढं पाणी सोबत न्या.
- खेचरं आली तर वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला थांबा आणि हाकणाऱ्याचं ऐका.

दिवसभराच्या ट्रेकसाठी वेगळा परवाना लागत नाही, पण दरीत तंबूत मुक्काम करायचा तर तो आधी काढावा लागतो. वाटा, नळ आणि हवामान यांची त्या दिवशीची स्थिती उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. खाली उतरल्यावर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे ही माहिती कड्यावर असतानाच पाहून घ्यावी आणि कुठून परत फिरायचं तेही तिथेच ठरवावं.