एका बापाचा दावा

पार्ल्यांतील माझ्या वयाची मंडळी रुग्णालयांत पुढें आलेल्या कागदावर न वाचतां सही ठोकतात. मीहि त्यांतलाच. डॉक्टरांस जाब विचारणें आम्हांस उद्धटपणाचें वाटतें.

रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या किनाऱ्यावर ६ मे १९५३ रोजीं विशींतल्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. अकरा तासांचा टॅक्सीचा प्रवास करून त्यास पुण्यास आणलें. ९ मेच्या रात्रीं तो वारला. भूल न देतां, तिघांच्या साहाय्यानें पाय जोरानें ओढून प्लास्टर घातलें व त्या धक्क्यानें मृत्यु आला, असें न्यायालयांत ठरलें. बाप स्वतः डॉक्टर होता. तो नसता तर ‘देवाची इच्छा’ म्हणून प्रकरण मिटलें असतें, असें मला वाटतें.

‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिहींत डॉक्टरानें वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असा निकाल १९६८ सालीं लागला. पुढें १९९५ सालीं त्याच न्यायालयानें पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक-संरक्षण कायद्याखालीं आणली. सामान्य रोग्यास दाद मागण्याची वाट त्यामुळें जवळ आली. त्या बापास पंधरा वर्षें लागलीं. भरपाई ३,००० रुपये.