नाळेतलं रक्त बँकेत ठेवायचं का? पैसे भरण्याआधी हे वाचा

जुना जालना असो की नवीन जालना, घरात बाळ येणार म्हटलं की हा प्रश्न येतोच. ‘आयुष्यभराचा विमा’ ही जाहिरात कितपत खरी?

उपयोग काय? या रक्तात नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये असं पहिलं प्रत्यारोपण झालं. रक्त होतं रुग्णाच्या बहिणीचं.

स्वतःचं का चालत नाही? थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष बाळाच्या नाळेतल्या रक्तातही असतो. म्हणूनच ‘विमा’ म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही.

मग कधी ठेवावं? मोठ्या भावंडाला असा आजार असेल, तर प्रसूतीआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा.

दान करायचंय? तुमच्या रुग्णालयात सार्वजनिक बँकेची सोय आहे का, विचारा.

आणि हो, नाळ बांधायला किमान एक मिनिट थांबलं, तर ते रक्त बाळालाच मिळतं. तेही फुकट.