एकांची मोजदाद

छंदःशास्त्राचा अभ्यास केलेल्या वाचकांस लगक्रियेची ओळख असेलच. ठरावीक अक्षरांच्या चरणांत अमुक इतके गुरु असलेले भेद किती, हें पिंगलाच्या परंपरेंतील ती क्रिया सांगते. तेथें चिन्हें दोनच, लघु आणि गुरु. संगणकाचींही दोनच, शून्य आणि एक. आणि त्याच्यापुढें याहून साधा दिसणारा प्रश्न येतो: समोरच्या एका संख्येंत एक किती?

साधा म्हणून तो क्षुल्लक नव्हे. दोन संकेतशब्द जितक्या स्थानीं भिन्न, तितकें त्यांच्यामधील अंतर, असें १९५० सालीं रिचर्ड हॅमिंग यांनीं मांडिलें. वाटेंत बिघडलेला शब्द मूळ कोणत्या शब्दाच्या सर्वांत जवळ आहे हें ठरवावयाचें, तर भिन्न स्थानीं एक मांडून ते एक मोजावे लागतात, आणि तेही क्षणोक्षणीं. एकेक स्थान तपासीत गेल्यास ६४ अंकांस ६४ फेरे पडतात.

फेरे वांचविण्याची युक्ति अशी. १०११०११० ही संख्या घेऊं. तिच्यावर ०१०१०१०१ ही चाळणी धरिली कीं चाळणींत जेथें एक आहे तेवढींच स्थानें टिकतात, बाकीचीं शून्य होतात. मग मूळ संख्या एक घर उजवीकडे सरकवून तीच चाळणी पुन्हां धरावी व दोन्ही फळांची बेरीज करावी. येतें ०११००१०१. ही आतां एक संख्या समजूं नये. दोनदोन घरांच्या चार खणांत त्या त्या खणांतील एकांची गणती बसली आहे: एक, दोन, एक, एक. पुढें ००११००११ ची चाळणी व दोन घरांची सरक. खण मोठे होतात, तीन आणि दोन. शेवटीं ००००११११ व चार घरें, उत्तर पांच. ६४ अंकांस अशा सहा पायऱ्या पुरतात. सारे खण एकाच बेरजेंत भरतात आणि एकाचा हातचा शेजारच्यांत जात नाहीं, हेंच आम्हांस या युक्तीचें मर्म वाटतें.

केंब्रिजच्या एडसॅक यंत्रांतील ३५ अंकी शब्दांसाठीं या घाटाची रीति डी. बी. गिलीज व जे. सी. पी. मिलर यांनीं बसविली. ती विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या पाठ्यपुस्तकाच्या १९५७ च्या आवृत्तींत छापली गेली. पुस्तक तिघांच्या नांवें ओळखलें जातें. त्या दोघांचें नांव सहसा कोणी घेत नाहीं, आणि तें आम्हांस खटकतें. १९६० सालीं पीटर वेग्नर यांनीं निराळी वाट दाखविली: संख्येंतून एक वजा करून तें फळ मूळ संख्येवरच चाळणीप्रमाणें धरावें, सर्वांत उजवीकडचा एक नाहींसा होतो. जितके एक तितकेच फेरे. एक विरळ असतील तेथें ही सरस, दाट असतील तेथें जुनीच बरी.

कांहीं यंत्रकर्त्यांनीं ही मोजणी यंत्राच्या अंगींच बाणविली. १९५१ च्या फेरांटी मार्क १ मध्यें तिची स्वतंत्र आज्ञा होती. १९६४ च्या सीडीसी ६६०० मध्यें होती. इंटेलच्या घरगुती संगणकांस मात्र ती २००८ पर्यंत लाभली नाहीं. ज्या यंत्रांत ती आज्ञा नाहीं, तेथें अजूनही तीच चाळणी धरावी लागते.